आपल्या आमदाराची पक्षांतराची कुंडली स्वतः कशी काढायची

आमदाराने पक्ष बदलला की गावात दोनच वाक्यं फिरतात. एक, गद्दार निघाला. दुसरं, मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घ्यावा लागला. आणि ही वाक्यं बोलणाऱ्याला विचारा की राजीनामा कुठल्या तारखेला दिला, आमदारकीचा दिला की फक्त पक्षाचा, नंतर परत मतं मागायला आला का, तर कुणालाच काही सांगता येत नाही. मला याचा खरंच त्रास होतो, कारण माझे मोठे काका वीस वर्षं एका आमदारासाठी बूथवर बसले, भिंती रंगवल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर घेतलं, आणि आमदार दुसऱ्या पक्षात गेल्याचं त्यांना सकाळी पेपरात वाचून कळलं. त्या रात्री काका नुसतं म्हणत होते की असं का केलं असेल, आणि मी लॅपटॉप घेऊन बसले आणि तारखा काढायला लागले. तेव्हापासून बऱ्याच जणांचं असं टिपण काढलंय. शिकायला काही अवघड नाहीये, दोन-तीन संध्याकाळी लागतात.

आधी कागद आखून घ्या किंवा एक्सेल उघडा. रकाने पाचच ठेवा: तारीख, काय घडलं, तेव्हा ते कुठल्या पक्षात होते, तेव्हा राज्यात सत्ता कुणाची होती, आणि पुरावा कुठे आहे. चौथा रकाना लोक सोडून देतात आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो. माणूस तीनदा पक्ष बदलतो आणि तिन्ही वेळा सत्ता असलेल्या बाजूलाच जातो की एखाद्या वेळी सत्ता सोडूनही गेलाय, हे त्या रकान्यावरून बोट फिरवलं की दिसतं. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पेन्सिलने लिहा, पक्की धरू नका.

पहिल्यांदा सांगाडा उभा करा, म्हणजे फक्त निवडणुका. निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक विधानसभेचा सांख्यिकी अहवाल आहे, अगदी जुन्या निवडणुकांपासून, पीडीएफमध्ये. त्यात मतदारसंघवार उमेदवार, पक्ष, मतं सगळं मिळतं. इथे एक मोठा खड्डा आहे तो सांगून ठेवते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर महाराष्ट्रातल्या मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, काहींची नावंच गेली, म्हणून २००४ आणि २००९ चे आकडे डोळे झाकून एकमेकांसमोर ठेवायचे नाहीत. मुंबईचे कालिदास कोळंबकर घ्या. १९९० पासून ते शिवसेनेकडून नायगावचे आमदार, २००५ मध्ये नारायण राणेंनी सेना सोडली तेव्हा त्यांच्यासोबत काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूक जिंकले, मग २००९ आणि २०१४ ला काँग्रेसकडूनच पण मतदारसंघाचं नाव वडाळा, आणि २०१९ ला वडाळ्यातूनच पण भाजपकडून, २०२४ ला पण. सर्चमध्ये नुसतं वडाळा टाकलं तर त्यांचं अर्धं करिअर सापडणारच नाही. शिवाय २०१४ ला ते हजाराच्याही आत मतांनी वाचले होते, दुसऱ्या नंबरला भाजपचा उमेदवार होता, आणि पुढच्या वेळी त्याच भाजपचं तिकीट त्यांच्या हातात होतं. दुसऱ्या नंबरवर कोण होतं हे म्हणून प्रत्येक निवडणुकीला लिहून ठेवायचं. निसटता विजय आणि पाठीमागे वाढणारा पक्ष, हे पक्षांतराचं असं कारण आहे जे कुठल्याच भाषणात येत नाही.

सांगाडा झाला की मग उड्या कुठे पडल्या ते भरायचं, आणि इथे निवांत वेळ द्या, कारण पक्ष बदलणं ही एकच गोष्ट नाहीये, तिचे चार-पाच प्रकार आहेत आणि मतदाराच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे आमदारकीचा किंवा खासदारकीचा राजीनामा द्यायचा, नव्या पक्षाकडून परत उभं राहायचं. २००५ ला राणेंनी ते केलं, मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसकडून लढवून जिंकले. २०१९ ला उदयनराजे भोसलेंनी पण केलं, एप्रिल-मेच्या लोकसभेला साताऱ्यातून राष्ट्रवादीकडून निवडून आले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. शरद पवारांचं पावसातलं भाषण याच निवडणुकीतलं. पुढे २०२० ला ते भाजपकडून राज्यसभेवर गेले आणि २०२४ ला साताऱ्यातून लोकसभा जिंकले सुद्धा. निकाल काय लागला यापेक्षा मला यात हे महत्त्वाचं वाटतं की मतदाराला परत विचारलं गेलं. मी अशा ओळीवर हिरवी खूण करते, माणूस आवडो न आवडो.

दुसरा प्रकार निवडणुकीच्या तोंडावर जायचा. टर्म संपायला काही महिने उरलेले असतात, राजीनामा दिला तरी गमवायला फार काही नसतं, एका वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर पोटनिवडणूक घेण्याचं बंधनच नसतं. २०१९ च्या पावसाळ्यात हेच झालं, पेपरवाल्यांनी तिला मेगाभरती म्हटलं, जुलैअखेर शिवेंद्रसिंहराजे भोसले, वैभव पिचड, संदीप नाईक, कोळंबकर एकाच वेळी भाजपमध्ये. यातले पिचड ऑक्टोबरमध्ये अकोले मतदारसंघातून पडले, शिवेंद्रसिंहराजे साताऱ्यातून निवडून आले. म्हणजे लाट होती म्हणून सगळेच तरले असं नाही, प्रत्येकाचा हिशोब वेगळा काढावा लागतो.

याच गटात मी एक उपप्रकार ठेवते तो म्हणजे राजीनामा आणि मंत्रिपद यांच्यातलं अंतर. राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, २०१९ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि १६ जूनला भाजपच्या सरकारात मंत्री म्हणून शपथ घेतली. घटनेप्रमाणे आमदार नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो त्यामुळे नियमात बसलं. त्याच दिवशी जयदत्त क्षीरसागर यांनी पण शपथ घेतली, राष्ट्रवादीतून शिवसेनेत आलेले, ते ऑक्टोबरमध्ये बीडला पडले आणि विखे शिर्डीतून जिंकले. तर जेव्हा जेव्हा राजीनामा दिसेल तेव्हा पुढच्या नव्वद दिवसांत काय काय मिळालं ते शोधा: मंत्रिपद, महामंडळ, राज्यसभा, विधान परिषद, मुलाला किंवा सुनेला तिकीट. दिवस मोजून लिहा. "लगेच" हा शब्द नको, "बारा दिवस" असं लिहा.

तिसरा प्रकार विलीनीकरण. याच्याबद्दल खूप गैरसमज आहे. टीव्हीवर सतत दोन तृतीयांश, दोन तृतीयांश ऐकून लोकांना वाटतं की तेवढी डोकी जमली की झालं, कुठेही जा. तसं नाहीये. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, असं आहे की मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि त्याच्या विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं तर अपात्रतेपासून संरक्षण. गोव्यात हा रस्ता दोनदा वापरला गेला, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. यातल्या दुसऱ्या वेळी तर निवडणुकीआधी उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली होती. टिपणात अशी शपथ, हमीपत्र, व्हिडिओ काही असेल तर त्याची तारीख वेगळ्या ओळीत घ्याच.

आणि चौथा, जो आपल्याकडे २०२२ आणि २०२३ ला बघितला. इथे आमदार म्हणतच नाही की मी पक्ष सोडला, तो म्हणतो पक्ष आमचाच. त्यामुळे रकान्यात "तेव्हाचा पक्ष" लिहिताना गोंधळ उडतो. मी यासाठी तारखांची एक वेगळी पट्टीच करते: २१ जून २०२२ ला शिवसेनेचे आमदार शिंदेंसोबत सुरतेत, ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री, १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल, १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांचा निकाल ज्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाही. राष्ट्रवादीचं तसंच, २ जुलै २०२३ अजित पवारांचा शपथविधी, ६ फेब्रुवारी २०२४ आयोगाचा निकाल, १५ फेब्रुवारी २०२४ अध्यक्षांचा निकाल. तुमचा आमदार या पट्टीवर कुठल्या दिवशी कुठे होता ते बघायचं. पहिल्या दिवशीच गेला, की आठवडाभर इकडे सभा घेतल्या आणि मग गेला, की जाऊन परत आला. परत आलेले पण आहेत, आणि त्यांच्याबद्दल घाईने मत करू नका, तारखा लावा.

अपक्षांचं वेगळंच आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस नंतर कुठल्याही पक्षात रीतसर गेला तर अपात्र ठरू शकतो, पण पक्षात न जाता नुसता सरकारला पाठिंबा दिला तर काही होत नाही. म्हणून "सहयोगी सदस्य" असा शब्द दिसला की पाठिंब्याचं पत्र कधी दिलं ते शोधा.

आता कायदा, जेवढा लागतो तेवढाच. बदल झाला तेव्हा नियम काय होता ते बघितल्याशिवाय जुन्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजलं जातं. १९७८ ला शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडून मुख्यमंत्री झाले तेव्हा पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. तो १९८५ ला आला, ५२ व्या घटनादुरुस्तीने. त्यात तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, म्हणून १९९१ ला छगन भुजबळ शिवसेनेतून निघाले तेव्हा ५२ आमदारांच्या पक्षात १८ ची जुळवाजुळव करावी लागली. ही एक तृतीयांशची सवलत ९१ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये काढून टाकली. म्हणजे २००३ नंतर कुणी "आम्ही फुटून वेगळा गट केला" एवढंच सांगत असेल तर ते कायद्यात पुरत नाही. अजून एक, पक्ष सोडणं म्हणजे लेखी राजीनामाच लागतो असं नाही, सुप्रीम कोर्टाने १९९४ लाच सांगितलंय की वागण्यावरूनही ते ठरू शकतं. व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं का ते बघावं लागतं. आणि निर्णय अध्यक्षांकडे असतो, त्याला मुदत कायद्यात लिहिलेली नाही, २०२० मध्ये कोर्टाने साधारण तीन महिने म्हटलं, आपल्याकडे दीड वर्ष लागलं. कर्नाटकात २०१९ ला १७ आमदार अपात्र झाले, कोर्टाने अपात्रता कायम ठेवली पण पोटनिवडणूक लढायला मोकळं केलं, आणि त्यातले बरेच जण महिन्याभरात भाजपकडून परत निवडून आले. म्हणून "अपात्र झाला" यापुढे "मग काय" हा प्रश्न लिहायचाच.

शपथपत्रं. उमेदवार अर्ज भरताना फॉर्म २६ देतो, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, पाच वर्षांचं उत्पन्न असतं. आयोगाच्या साइटवर अलीकडच्या निवडणुकांची स्कॅन मिळतात, जुनी मायनेता या साइटवर बऱ्यापैकी आहेत. पक्ष बदलायच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन शेजारी उघडून ठेवा. इथे लोक एक चूक हमखास करतात, एकूण संपत्तीचा आकडा बघून म्हणतात बघा तिप्पट झाली. अहो शहराजवळची जमीन असेल तर नुसती पडून राहिली तरी दहा वर्षांत तिप्पट होते. आकडा बघू नका, गट नंबर मोजा. आधीच्या शपथपत्रात सहा गट होते, नंतरच्यात अकरा, तर पाच नवे कधी घेतले आणि कितीला घेतले ते त्याच शपथपत्रात खरेदीची तारीख आणि किंमत म्हणून लिहिलेलं असतं. कर्जाच्या रकान्यात सहकारी बँक, पतसंस्था, स्वतःचा कारखाना दिसतो का बघा. गुन्ह्यांमध्ये केस नंबर टिपून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या साइटवर टाका, आज ती केस कुठे आहे कळेल. पण गुन्हा मागे पडला म्हणजे पक्षांतराचं बक्षीस मिळालं असा निष्कर्ष थेट काढू नका, तारीख नोंदवा आणि थांबा. निष्कर्ष तुमच्या बाजूचा असला तरी पुरावा नसेल तर तो खरा होत नाही.

विकासासाठी गेलो म्हणणाऱ्यांसाठी निधीची ओळ काढा, आणि मला वाटतं की हे काम प्रामाणिकपणे करायला हवं कारण कधीकधी खरंच निधी येतो. महाराष्ट्र शासनाच्या साइटवर शासन निर्णय, म्हणजे जीआर, विभागवार आणि तारखेवार शोधता येतात. ग्रामविकास विभागात जा आणि २५१५ चे जीआर बघा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचा हा निधी, याच्या जोडपत्रात गावाचं नाव, काम आणि रक्कम असते, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट रस्ता वगैरे. पक्ष बदलायच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष, दोन्हींची बेरीज मारा. सहकार विभागात तुमच्या आमदाराचा साखर कारखाना असेल तर थकहमी (कारखान्याच्या कर्जाला सरकारने दिलेली हमी) किंवा मार्जिन मनी कर्जाचे जीआर शोधा. मग कळतं की विकास नेमका कुणाचा झाला, गावाचा की कारखान्याचा की दोघांचा. जीआरमध्ये मंजुरी असते, काम झालं की नाही ते नसतं, त्यासाठी माहितीचा अधिकार आहे, राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून दहा रुपयांत अर्ज जातो, जिल्हा नियोजन कार्यालय किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. प्रश्न छोटा ठेवा: अमुक जीआरमधल्या अमुक कामाचा कार्यारंभ आदेश आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करायचं, सोडायचं नाही.

विधानसभेतलं कामकाज पण बघा, तारांकित प्रश्न, लक्षवेधी. विरोधात असताना ज्या विषयावर आवाज उठवला तो विषय बाजू बदलल्यावर परत कधी काढला का एवढंच तपासलं तरी पुरे.

आणि शेवटी मतं, बूथवार. हे काम किचकट आहे पण मला सगळ्यात जास्त आवडतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते दिसतं. पक्ष बदलायच्या आधीचा आणि नंतरचा फॉर्म २० घ्या. केंद्रांचे नंबर दोन निवडणुकांत बदलतात, म्हणून नंबरवर जाऊ नका, गाव आणि शाळेचं नाव जुळवा, त्यासाठी केंद्रांची यादी वेगळी डाउनलोड करावी लागते. सगळी तीनशे केंद्रं करायची गरज नाही. आमदाराचं स्वतःचं गाव, तालुक्याचं ठिकाण, जुन्या पक्षाचा बालेकिल्ला, नव्या पक्षाचा बालेकिल्ला, आणि एखादी वस्ती किंवा तांडा जिथे पक्षापेक्षा माणूस बघून मत पडतं, अशी दहा-बारा निवडा. यातून कळतं की मतं माणसाची होती की चिन्हाची. जुन्या पक्षाच्या गावांत निम्म्यावर आला आणि नव्या पक्षाच्या गावांतून भरून निघालं, तर जुन्या मतदाराने त्याला सोडलंय, निवडून आला तरी. आणि एकच निवडणूक बघून थांबू नका. राणे २००५ ला मालवणमधून जिंकले, पण २०१४ ला मालवण ज्यात येतं त्या कुडाळमधून शिवसेनेच्या वैभव नाईकांकडून हरले. मतदार कधी कधी नऊ वर्षं थांबतो.

जुनी पक्षांतरं, नव्वदच्या दशकातली, नेटवर फार सापडत नाहीत. जिल्हा ग्रंथालयात जुन्या पेपरांच्या बांधीव फायली असतात, ग्रंथपालांना नीट विचारलं तर काढून देतात, जिल्हा आवृत्ती बघा कारण मुंबई-पुण्याच्या पानावर तालुक्याचा आमदार दोन ओळीत उरकलेला असतो. आताच्या काळातलं असेल तर फेसबुक पोस्टचे स्क्रीनशॉट तारखेसकट घेऊन ठेवा, प्रवेश झाला की जुन्या पोस्ट आणि जुन्या नेत्यासोबतचे फोटो पहिल्या दिवशी जातात. जुन्या कार्यकर्त्यांशी पण बोला. ते चिडलेले असतात, त्यांचं सगळंच टिपणात घेता येत नाही, पण एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला कधी मिळाला, आदल्या रात्री कुणाच्या बंगल्यावर बैठक झाली, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यांनी सांगितलेली तारीख पेपरात जुळली तरच पक्की करा.

काकांसाठी केलेलं पहिलं टिपण दोन पानांचं झालं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं, राजीनामा न देता गेले होते ती ओळ. पुढच्या वेळी आमदार गावात आले तेव्हा काका उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "साहेब, आमच्या मतांवर तुम्ही एका चिन्हावर निवडून आलात आणि उरलेली अडीच वर्षं दुसऱ्या चिन्हाच्या बाजूला बसलात, तेव्हा राजीनामा देऊन आमच्याकडे परत का नाही आलात?" तुमचं टिपण तयार झालं की त्यातून असा एकच प्रश्न काढा, तारीख आणि आकडा घालून, कागदावर लिहून खिशात ठेवा, म्हणजे माईक हातात आल्यावर तो विसरणार नाही.